स्विफ्टला क्रेटाची ५ बोल्टची अलॉय बसवायची आहेत, अडाप्टर लावू का भोकं पाडून घेऊ?

अमळनेरची_स्विफ्ट
राम राम मंडळी. माझी २०१४ ची स्विफ्ट, झेडडीआय, टायर १८५/६५ आर १५. चुलतभावाने क्रेटाला नवीन मॅगव्हील टाकले आणि जुनी १६ इंची चारही अलॉय टायरसकट मला देऊ राहिला, फुकटात. टायर २०५/६५ आर १६ आहेत, अजून निम्म्याच्या वर रबर आहे. अडचण अशी की माझ्या गाडीला ४ नट आणि त्या रिमला ५ भोकं. मी टेपने मोजलं तर एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंत ६७ मिमी आलं, मग पीसीडी ६७ धरायची का? इथला टायरवाला म्हणतो २५ मिमीचं अडाप्टर लाव (मधे बसणारी जाड चकती, गाडीकडून ४ नट, चाकाकडून ५), काही होत नाही. दुसरा एक जण म्हणे एमआयडीसीत हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागाला, नवीन भोकं पाडून देतात. खरं सांगा काय करू, गाडी रोज अमळनेर ते धुळे जाते आणि रविवारी घरचे सगळे त्यातच असतात.

लेथ_जळगाव
पीसीडी ६७ नाही भाऊ. ती सगळ्या भोकांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास असते. ४ भोकं असली की समोरासमोर मोजायचं, ५ असली की समोर भोक नसतंच, म्हणून शेजारचं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. तुझे ६७ गुणिले १.७०१ म्हणजे ११४ च्या आसपास, क्रेटाची ५×११४.३ च आहे. स्विफ्ट ४×१००. मधल्या भोकाचाही फरक आहे, स्विफ्टच्या हबला ५४.१ मिमी लागतं आणि क्रेटाच्या रिमला ६७.१ आहे, म्हणजे १३ मिमीची पोकळी राहते, रिंग टाकल्याशिवाय चाक मध्यावर बसत नाही.

आता भोकांचं. मी २२ वर्षं लेथवर आहे, असं काम दर महिन्याला कोणीतरी घेऊन येतं आणि मी परत पाठवतो. ११४.३ चं वर्तुळ म्हणजे केंद्रापासून ५७ मिमी, आणि ४×१०० च्या हबचा फ्लँज (भोकं असलेली सपाट कड) बहुतेक तेवढा रुंदच नसतो, भोक पाडलं की कडेला बोटाच्या नखाएवढं लोखंड उरतं. तेवढ्यावर पूर्ण गाडीचं वजन आणि ब्रेकचा झटका येणार. शिवाय डिस्कला आणि मागच्या ड्रमलाही तीच भोकं लागतील. उलटं, रिमलाच ४ भोकं पाडायची म्हटलं तर रिम उलटी करून बघ, भोकांच्या मधे मटेरियल कोरून खळगे केलेले असतात वजन कमी करायला, तिथे ड्रिल घातला की नट बसायला जागाच नाही. जो तुला हे करून देतो तो चार पैसे घेऊन मोकळा होईल, रस्त्यावर तू असशील.

चाळीसगाव_डिझायर
मन्हं आयक भाऊ, अडाप्टर नको लाऊ. मी लावलं होतं, डिझायरला, ४×१०० वरून ५×११४.३ करायचं २५ मिमीचं. तीन महिने मस्त चाललं, गाडी भारी दिसायची, सगळे विचारायचे कुठून आणले. मग ६० च्या वर स्टेअरिंग थरथरायला लागलं, बॅलन्सिंग केलं दोनदा, फरक नाही. एका रात्री संभाजीनगरहून येत होतो, कन्नड घाट उतरताना डावीकडच्या वळणाला पुढून टक टक आवाज यायला लागला, आई आणि बायको मागे बसलेल्या. थांबलो, चाक काढलं तर अडाप्टर हबला ज्या नटांनी बसतं त्यातले दोन हाताने फिरू राहिले होते आणि एका स्टडचे (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) आटे निम्मे खाल्लेले. स्टेपनी ४ भोकांची, ती अडाप्टरवर चढत नाही, म्हणजे आधी अडाप्टर काढायचं. ते नट खोल खड्ड्यात असतात, गाडीतला व्हील पाना जाडा पडतो, आत जातच नाही. अडीच तास घाटात थांबलो, चाळीसगावचा मिस्त्री पातळ सॉकेट घेऊन आला तेव्हा सुटलं. चाक वाटेत निसटलं असतं तर खाली दरी होती. त्या दिवसानंतर अडाप्टर भंगारात टाकलं.

टायरमिस्त्री_भुसावळ
वरच्या दोघांनी सांगितलं ते बरोबरच, पण टायरचं कोणी बोललं नाही. तुझं सध्याचं चाक उभं मोजलं तर साधारण ६२२ मिमी, २०५/६५ आर १६ चं ६७३. म्हणजे ८ टक्के मोठं. मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८६-८७ ने पळत असेल, आणि मागे तीन माणसं बसली की टायर मडगार्डला घासेल. त्यात २५ मिमीच्या अडाप्टरने चाक तेवढंच बाहेर येणार, मग बेअरिंगवर जास्त ताण आणि स्टेअरिंग जड. इन्शुरन्सला न कळवता असा बदल केला असेल तर क्लेमलाही अडतं.

मोठी अलॉय पाहिजेच असतील तर ४×१०० वालीच शोध. एलिट आय२० ची १६ इंची बघ, पीसीडी ४×१००, मधलं भोक ५४.१, अगदी स्विफ्टचंच माप, आणि टायर १९५/५५ आर १६ असलं की उंची ६२१, मीटरला धक्का नाही. ऑफसेट मात्र, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, रिमच्या मागे ईटी म्हणून लिहिलेलं असतं, ते तुझ्या रिमशी जुळवून बघ. आणि नट तुझेच वापर, स्विफ्टच्या स्टडच्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी आहे, ह्युंदाईचं १.५. ह्युंदाईचा नट दोन आटे चढतो आणि अडकतो, पोरं गन लावून जबरदस्ती करतात आणि स्टड वाया जातो, म्हणून पहिले तीन-चार आटे बोटानेच चढव. मग आलटून-पालटून समोरासमोरचे आवळ, शेवटी टॉर्क पान्याने ८५ ते १०० न्यूटन मीटरच्या दरम्यान, तुझ्या मॅन्युअलमधे जे असेल ते. ५०-१०० किलोमीटर चालली की परत एकदा आवळायचे, हे विसरू नको.

अमळनेरची_स्विफ्ट
सगळ्यांचे मनापासून आभार. भोकं पाडायचा विचार सोडला, घाटातलं वाचून घरीही दाखवलं. भाऊला सांगितलं रिमा तूच विक आणि त्यातले अर्धे पैसे दे, तो तयार आहे. उद्या स्विफ्टच्या रिमचं ईटी बघतो. टायरमिस्त्री दादा, आय२० ची सेट सापडली तर फोटो टाकतो, वेल्डिंग-बिल्डिंग झालेली नाही ना ते तुम्हीच बघून सांगा.

टायरमिस्त्री_भुसावळ
टाक. समोरून नको फक्त, मागच्या बाजूने आणि कडेने, चांगल्या उजेडात. कडेची चीर तिथेच दिसते.