अनुभव: तुम्हाला भेटलेले म्युलर

स्टुटगार्टकर: नवीन घरात आलोय, खाली बेलच्या पाटीवर म्युलर, म्युलर आणि परत म्युलर, एकमेकांचे कोणी नाहीत! पार्सलवाला सगळ्यांची झोपमोड करतो. पुण्यातला मॅक्सम्युलर भवनचा जर्मन भाषेचा क्लास आठवला, तिथे उदाहरणातला माणूस हमखास 'हेर' म्हणजे श्रीयुत म्युलर. जर्मनीत सगळ्यात जास्त हेच आडनाव. टाका आपापले किस्से.

मधुरा_न्युर्नबर्ग: आमच्या घरमालक आजोबांनी सांगितलेलं, पूर्वी दळण जमीनदाराच्याच पाणचक्कीवर न्यायची सक्ती, आणि मजुरी म्हणून चक्कीवाला धान्यातलंच माप काढून घ्यायचा त्यामुळे तो चोर असा सगळ्यांचा संशय. म्युलर म्हणजेच चक्कीवाला. गावोगाव चक्की म्हणून गावोगाव म्युलर, आडनावं कायम झाली तेव्हा तेच चिकटलं. एका घराण्याची पिलावळ नाहीये ही.

बंड्या: पीठ कमी भरतं ही ओरड तिकडेपण का 😂

उत्तरवाला: हांबुर्गकडे म्योलर. आमची बॉस मोलिटोर, तेही तेच, कुणा शिकलेल्या पूर्वजाने लॅटिन करून घेतलं. हौस!

काकासाहेब: ते भवन ज्यांच्या नावाचं, ते संस्कृतचे जर्मन पंडित खुद्द मॅक्सम्युलर वैतागले होते. मॅक्स हे त्यांचं पहिल्या नावातलं, पण नुसते म्युलर ढिगाने म्हणून आडनावालाच जोडून टाकलं. टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा सुटकेच्या अर्जावर यांची सही होती, हे आमच्या पिढीला पाठ असायचं.

श्रुती_जे: नवरा म्युलर, मी जोशीच राहिले, म्युलरच्या यू अक्षरावरच्या दोन टिंबांच्या भानगडीत कोण पडणार. पासपोर्टवर वर टिंबं, खालच्या मशीनच्या ओळीत यू-ई, आणि तिकिटावर एजंटने नुसता यू टाकलेला. काउंटरवरची बाई एकदा कागदाकडे बघते एकदा ह्याच्याकडे, मागे लाईन, पोरगं रडतंय...

बंड्या: जोशीत पण जोशी की जोषी आहेच की

ओहायोची_मावशी: आमच्याकडे अमेरिकेत आमिश लोकांत (जुन्या पद्धतीने राहणारा जर्मन मुळाचा ख्रिस्ती पंथ) मिलरच मिलर, मूळचे म्युलरच. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्रास नको म्हणूनही बऱ्याच जणांनी बदललं. त्यांच्याकडचा ॲपल बटर काय लागतो पोळीशी!

नवखी: @स्टुटगार्टकर भाडं किती पडतं हो? आम्ही मार्चमध्ये येतोय. आणि पोळ्यांना कणीक कुठली?

स्टुटगार्टकर: व्यक्तिगत निरोप केलाय. ४०५ नंबरचं पीठ घेऊ नका, मैदा निघतो, पोळ्यांचं चामडं होतं. इंडियन स्टोअरमधून आटा आणा.

मधुरा_न्युर्नबर्ग: पोळपाट तिकडूनच आणा गं, इथे मिळत नाही धड.