प्रतिसाद: आरएसव्हीची लस इतकी उशिरा का?

वर विचारलंय की कोविडची लस वर्षभरात आली मग आरएसव्हीची (म्हणजे मुख्यतः लहान बाळांच्या आणि म्हाताऱ्यांच्या फुफ्फुसांना त्रास देणारा विषाणू) यायला २०२३ का उजाडलं. अहो, पहिली लस १९६६ मध्येच टोचून बघितली होती! फॉर्मलिन या रसायनाने विषाणू मारून बनवलेली. पण झालं उलटंच, लस घेतलेल्या बाळांना नंतर खरा संसर्ग झाला तेव्हा त्यातली ८० टक्के दवाखान्यात भरती करावी लागली आणि दोन दगावली. त्यानंतर कित्येक वर्षं कोणी हात लावायला धजेना.

अमेरिकेतले विषाणूतज्ज्ञ बार्नी ग्रॅहम मात्र १९८० च्या दशकापासून त्याच कोड्यामागे होते. या विषाणूवर एफ नावाचं प्रोटीन असतं, पेशीत घुसण्याआधी ते दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखं असतं आणि घुसताना सटकन उलगडतं. जुन्या लसीत ते आधीच उलगडलेलं, म्हणजे शरीर चुकीचाच आकार ओळखायला शिकत होतं (हे एक कारण, बाकीची पण आहेत). मग जेसन मॅकलेलन नावाचा तरुण संशोधक दुसऱ्या लॅबमध्ये जागा नाही म्हणून ग्रॅहम यांच्या मजल्यावर येऊन बसला, आणि दोघांच्या गप्पांतून २०१३ मध्ये न उलगडलेल्या आकाराची रचना सापडली, शिवाय तो आकार तसाच कसा धरून ठेवायचा तेही. मला तर ही जागेची अडचणच सगळ्यात भारी वाटते.

आणि हो, कोविडच्या विषाणूवरचं स्पाइक प्रोटीन असंच न उलगडलेल्या आकारात लॉक करायची आयडिया याच कामातनं आली, तेव्हा कोविडचं ते "एक वर्ष" काही खरं एक वर्ष नव्हतं.