मदत हवी आहे : शोपँच्या ए मायनर पियानो एट्यूडमधील (ओपस १०, क्र. २) उजव्या हाताची बोटे कशी ठरवावीत?

नमस्कार. १८३३ साली प्रकाशित झालेल्या या संचातील दुसऱ्या एट्यूडवर (वादनतंत्राच्या सरावासाठीची रचना) मी सध्या मेहनत घेत आहे. उजव्या हाताच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बोटांनी (अंगठा हे पहिले बोट) अखंड क्रोमॅटिक स्वरावली, म्हणजे लगतचे काळे-पांढरे सर्व स्वर क्रमाने, वाजवायची आणि त्याच वेळी अंगठा व तर्जनीने प्रत्येक ठोक्यावर छोटे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) द्यायचे, अशी याची रचना आहे. काळ्या पट्ट्यांवर तिसरे बोट, पांढऱ्यांवर चौथे आणि ई-एफ, बी-सी या लगतच्या पांढऱ्या जोड्यांवर चौथे-पाचवे, असा क्रम मी धरला आहे.

ठोका मिनिटाला १०८ वर असेपर्यंत हे स्वच्छ वाजते. मात्र शोपँने दिलेल्या १४४ कडे जाऊ लागले की चढताना पाचव्यावरून तिसरे बोट ओलांडून नेण्याच्या क्षणीच खालचा कॉर्ड हाताला अंगठ्याकडे ओढतो, मनगट वळते आणि पुढचा काळा स्वर दबका निघतो. उतरताना हा त्रास जवळजवळ होत नाही.

अशा जागी काळ्या पट्टीवर चौथे बोट घेऊन पाहावे का, की कॉर्डनुसार प्रत्येक मात्रेचा क्रम वेगळा बांधावा? संथ लयीत सोयीची वाटणारी बोटे द्रुत लयीत टिकतीलच असे नाही, हे मला पटले आहे. म्हणून बोटे कायमची लिहून ठेवण्यापूर्वी ती कोणत्या लयीत तपासावीत, हेही ज्यांनी ही रचना पूर्ण गतीने वाजवली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.