व्हाइट सॉक्स २०२४: १२१ पराभव ही मालकाची करणी की नशिबाचा फेरा? (धावफलक, हिशेबी, बुलपेनकर आणि तिसरा बेस यांचा वाद)

धावफलक
अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या शिकागो व्हाइट सॉक्सचा २०२४ चा हंगाम ४१-१२१ (४१ विजय, १२१ पराभव) वर आटोपला. १९०० नंतर एका हंगामात इतके सामने कुणीच हरलेलं नाही. आधीचा नको असलेला मान १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सकडे होता, १२० पराभवांचा. सुरुवातच ३-२२. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ पराभव. ८ ऑगस्टला मॅनेजर पेड्रो ग्रिफोलला घरी पाठवलं तेव्हा आकडा २८-८९ होता. त्याच्या जागी आलेल्या ग्रेडी साइजमोरच्या हाताखाली उरलेले सामने १३-३२. खुर्चीवरचा माणूस बदलून फारसं काही हललं नाही, कारण दुखणं तिथं नव्हतंच.

२०२१ मध्ये ९३ सामने जिंकून आपला विभाग मारणारा हा संघ. तीन वर्षांत तो या थराला गेला तो मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्या आखडत्या हातामुळे, असं माझं स्पष्ट मत. क्लबच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा करार कुणाचा? खेळाडू अँड्र्यू बेनिनटेंडीचा, पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर. आज दहा कोटींच्या आत खरा स्टार मिळत नाही.

हिशेबी
संघ भिकार होता, मान्य. पण १२१ इतका भिकार नव्हता. धावांवरून विजयांचा अंदाज काढायचं सूत्र लावा. केलेल्या धावा ५०७, दिलेल्या ८१३. ५०७ चा वर्ग २,५७,०४९ आणि ८१३ चा ६,६०,९६९. पहिल्याला दोन्हींच्या बेरजेनं भागा, ०.२८ येतं, हंगामातल्या १६२ सामन्यांनी गुणलं की ४५ विजय. वर्गाऐवजी १.८३ चा घात घेतला (हल्ली तोच वापरतात) तर ४८. म्हणजे ४८-११४ च्या लायकीचा संघ ४१ वर अडकला. ही सात सामन्यांची तूट मालकाच्या खिशातून आलेली नाही.

२३ मे चा ओरिओल्सविरुद्धचा शेवट आठवा. नववी, शेवटची इनिंग, ८-६ ने मागे, तीनपैकी एक बाद, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर. बेनिनटेंडीनं चेंडू शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) उंच उडवला, अंपायरनं इनफिल्ड फ्लाय (सहज पकडता येणारा उंच चेंडू) दिला, म्हणजे बॅटर कॅचची वाट न बघता बाद. दुसऱ्या बेसकडे परत फिरणारा अँड्र्यू वॉन शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत आला. अडथळा ठरायला हेतू लागत नाही; तोही बाद. एका पॉप-अपवर दोन बळी आणि सामना खल्लास! हेंडरसननं कॅच तर आरामात घेतला होता.

बुलपेनकर
हिशेबी, सात सामन्यांची तूट म्हणजे नशीब, हे कशावरून? धावांचं सूत्र सगळ्या धावा सारख्या धरतं. आठव्या-नवव्या इनिंगला आघाडी राखायला पिचर नसतील तर तूट येणारच, आणि ती संघबांधणीतूनच येते.

पिचर गॅरेट क्रोशे बघा: ३२ सामन्यांत सुरुवात, १४६ इनिंग, २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर). उत्तम. पण भागाकार करा, सामन्यागणिक साडेचार इनिंग. २०२३ मध्ये तो मेजर लीगमध्ये जेमतेम १३ इनिंग टाकलेला, म्हणून जुलैपासून त्याला बहुतेक वेळा चारच इनिंग दिल्या. हात जपायला ते बरोबरच. मात्र उरलेल्या पाच इनिंग बुलपेननं, म्हणजे नंतर उतरणाऱ्या राखीव पिचरांनी भरायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात करणारा पिचर ख्रिस फ्लेक्सन लवकर बाहेर गेला तर पुन्हा तीच माणसं. फ्लेक्सन ३-१५ वर संपला. त्यात जुलैअखेरीस एरिक फेडी (७-४, ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे खात्यावरच्या धावा ३.११) आणि मायकेल कोपेक हे पिचर दोघंही विकले.

तिसरा बेस
विकले म्हणजेच मुद्दाम हरायचा धंदा, असं आता कुणीतरी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो: या क्लबला त्यातून ड्राफ्टचा, म्हणजे नवे खेळाडू आधी निवडण्याचा, फायदा शून्य होता. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२२ च्या करारापासून पहिले सहा क्रमांक लॉटरीनं ठरतात. महसूल-वाटपाचा पैसा न घेणारा मोठ्या शहराचा क्लब लागोपाठ दोन वर्षं लॉटरीत बसू शकत नाही. २०२४ मध्ये त्यांना पाचवा क्रमांक मिळालेला. म्हणून १२१ हरूनही २०२५ मध्ये दहाव्याच्या वर निवड नाही! मुद्दाम हरणाऱ्यानं निदान नियम तरी वाचला असता.

धावफलक
मुद्दाम हरले असं मी म्हटलेलंच नाही. निष्काळजीपणा म्हणतोय. ऑन-बेस (बॅटर बेसवर पोचण्याचं प्रमाण) .२७८, त्या वर्षीची मेजर लीगची सरासरी .३१२. संघात सर्वाधिक होमरन वॉनचे, तेही १९. सामन्याला ३.१ धावा काढणाऱ्या संघाला कुठलाही बुलपेन तारत नाही. फेडी-कोपेकच्या बदल्यात मिगेल वार्गास आला आणि उरलेल्या हंगामात .१०४ च्या बॅटिंग सरासरीनं खेळला. कोपेक ऑक्टोबरात डॉजर्सबरोबर वर्ल्ड सीरीज जिंकला.

हिशेबी
वार्गासवर बोट ठेवता, मग क्रोशेचाही हिशेब मांडा. डिसेंबरात तो बॉस्टनला गेला आणि काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मीड्रॉथ, विकेलमन गोन्झालेझ असे चौघं आले. २०२५ मध्ये ६०-१०२. मोठी खरेदी न करता १९ विजय वाढले. संघ मुळातच १२१ चा असता तर हे कसं जमलं?

बुलपेनकर
१०२ पराभव ही बचावाची साक्ष म्हणून आणताय? कमाल आहे.