मदत हवी: अंदमानात स्नॉर्केलिंगला नेमकं कुठं जावं? आज रात्रीत ठरवायचंय

उद्यमनगरकर (रात्री ८:१०)
नमस्कार मंडळी. जरा अर्जंट आहे. कोल्हापूरहून अंदमानला जातोय, विमान झालं, हॉटेलं झाली, आता फेरीबोटीची तिकिटं तेवढी राहिलीत आणि एजंट म्हणतोय आज रात्री फायनल सांगा नाहीतर सीटा जातील. स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावरनंच खालचं बघायचं ते, कुठं करायचं तेच ठरेना. एलिफंट बीच, नॉर्थ बे, जॉली बॉय आणि भरतपूर अशी चार नावं पुढं आलीत, प्रत्येक व्हिडिओवाला वेगळंच सांगतोय, एकजण म्हणतो नॉर्थ बे भारी, दुसरा म्हणतो तिकडं फिरकू पण नका. यातलं सगळ्यात बेस्ट एक सांगा. एकच दिवस आहे त्याला. प्लीज लवकर.

राजारामपुरी_आठवी (८:१६)
कधी जाताय? कितीजण? पोहता येतंय का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

मालवणी_जावई (८:१९)
भावा एवढ्या लांब कशाला? सासुरवाडी मालवण आहे म्हणून सांगतो, सकाळी सहाला गगनबावड्यामार्गे निघालास की दहाला मालवणात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अंगाला पाण्यात उतरवतात, मासे दिसतात, कोरल म्हणजे प्रवाळ दिसतंय, वर सुरमईचं ताट. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे, उगाच नाही. अंदमानच्या खर्चात मालवण पाचवेळा होईल.

उद्यमनगरकर (८:२१)
दादा विमानाची तिकिटं झालीत. परत होत नाहीत ती.

तालमीतला_गडी (८:२४)
एलिफंट बीच. डोळे झाकून. आम्ही मित्र सातजण गेलतो, नाद खुळा पाणी. आणि एक सांगतो, लाइफ जॅकेट घालू नका, त्यानं माणूस वर तरंगत राहतोय, खाली बुडी मारता येत नाही, निम्मी मजा जाते. पंचगंगेत घाटावरनं उड्या मारलेल्याला समुद्राचं काय.

समुद्रवेडी_कोप (८:३१)
गडीभाऊ, हे असलं लिहू नका, कोणीतरी वाचून खरंच करेल. नदीत पोहणं वेगळं आणि तोंडात नळी धरून, नाक बंद करून, चेहरा पाण्यात ठेवून एक तास राहणं वेगळं. नळीत पाणी गेलं की पट्टीचा पोहणारा पण घाबरतो, मी बघितलंय. स्नॉर्केलिंगला बुडी मारायचीच नसते, वरनंच बघायचं असतं. जॅकेट घालायचं म्हणजे घालायचं. बोटवाला पण त्याशिवाय उतरवत नाही.

उद्यमनगरकर, मी तीनदा जाऊन आलेय, सांगते सगळं, पण आठवीवाल्यांनी विचारलेल्याची उत्तरं द्या आधी. महिना कुठला? किती रात्री कुठं?

उद्यमनगरकर (८:३८)
सॉरी, घाईत राहिलं. मे चा पहिला आठवडा. पोर्ट ब्लेअर १ रात्र, हॅवलॉक बेट २, नील बेट १, परत पोर्ट ब्लेअर १. एजंटचं म्हणणं नील काढून टाका, तिथं काही नाही, त्याऐवजी पोर्ट ब्लेअरला एक रात्र वाढवा आणि नॉर्थ बे करा, सगळे वॉटर स्पोर्ट्स एका जागी होतात. म्हणून तर अडकलोय. मला पोहता येतंय, विहिरीत शिकलोय.

निवृत्त_मास्तर (८:४४)
पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजय पुरम आहे, २०२४ च्या सप्टेंबरात बदललं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप, ही नावं ३० डिसेंबर २०१८ ला दिली. तिकिटावर नवीन नाव दिसलं तर गोंधळू नका. विमान महाग पडत असेल तर चेन्नईहून जहाज आहे, साधारण अडीच-तीन दिवस लागतात, आम्ही १९९१ साली तसेच गेलो होतो, बंकवर झोपून, जेवण साधं पण गरम. समुद्र म्हणजे काय ते त्या तीन दिवसांत कळतं.

राजारामपुरी_आठवी (८:४६)
सर, विमानाची तिकिटं झालीत त्यांची.
उद्यमनगरकर, "जातोय" म्हणजे एकटे?

उद्यमनगरकर (८:५२)
नाही ओ, चौघं. मी, मिसेस, मुलगी ११ वर्षांची, आणि आई ६७. मुलगी अंबाई टँकला क्लासला जाते, चांगली पोहते. मिसेसला पाण्याची भीती आहे. आईचे गुडघे दुखतात.

समुद्रवेडी_कोप (९:०५)
बघा, म्हणजे प्रश्नच बदलला. तुम्हाला एक बेस्ट जागा नकोय, चार माणसांना चार प्रकारे समुद्र दाखवायचाय. आता नीट वाचा.

नॉर्थ बे पोर्ट ब्लेअरच्या समोरच, रॉस बेटाबरोबर एका दिवसात करतात. जुन्या २० च्या नोटेवर मागं जे नारळाचं झाड आणि दीपगृह दिसायचं ते तिथलंच. पण गर्दी भयंकर, बोटीची वेळ ठरलेली, उतरलं की पाच माणसं पाच पॅकेजं घेऊन अंगावर येतात. एजंटला तेच सोपं पडतं कारण सगळं एका ठिकाणी बुक होतं. पाणी पण बंदराजवळचं, हॅवलॉकइतकं नितळ मला तरी दिसलं नाही.

जॉली बॉय सुंदर आहे, मनापासून सांगते. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. पण वंडूरला जायचं, पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटर, वनखात्याचा परवाना आधी काढायचा, मग तास-सव्वा तास बोट. मोठी बोट काठाला लागत नाही, मध्ये छोट्या बोटीत उतरावं लागतं. बेटावर हॉटेल नाही, दुकान नाही, प्लास्टिक नेता येत नाही, सोमवारी बंद. पावसाळ्यात ते बंद ठेवून रेड स्किन नावाचं दुसरं बेट उघडतात. तुम्ही आणि मुलगी दोघंच असता तर मी हेच सांगितलं असतं. आईंना घेऊन नको.

एलिफंट बीच हॅवलॉकला. रस्ता नाही, जेट्टीवरनं स्पीडबोटीनं वीसेक मिनिटं किंवा जंगलातनं चालत. तिथं नवख्या माणसाला गाईड रबरी ट्यूबला धरून ओढत नेतो, तुम्ही फक्त तोंड पाण्यात घालायचं. भीती असलेल्यांसाठी ही पद्धत चांगली. पण पहिल्या बोटीनं जा. तिकडं सूर्य पाचच्या सुमारास उगवतो, कोल्हापूरच्या घड्याळानं चालू नका. दहानंतर जत्रा भरते, पाय पडून वाळू उडते, पाणी गढूळ होतं.

आणि भरतपूर, नीलचं. एजंट म्हणतो तिथं काही नाही, मला राग आला वाचून. जेट्टीला लागूनच किनारा, लांबपर्यंत उथळ, आणि काचेच्या तळाच्या बोटी. आईंना पोहायला न उतरता कोरल दिसेल. नील काढू नका.

तालमीतला_गडी (९:११)
जॅकेटचं आमच्यापुरतं म्हणालो ओ ताई. घरच्यांबरोबर जाताय तर घालावंच, मान्य. पण एलिफंटच, त्यावर मी ठाम.

एक महत्त्वाचं राहिलं, मिशी. मला झुपकेदार मिशी आहे, डोळ्या-नाकावर लावायच्या काचेच्या मास्कमध्ये सारखं पाणी येत होतं. उद्यमनगरकर मिशी आहे का?

उद्यमनगरकर (९:१३)
आहे. चष्मा पण आहे, साडेचार नंबर. हे पण अडतंय का?

राजारामपुरी_आठवी (९:१५)
चष्मा आत्ता सांगताय होय! चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबरचे मास्क मिळतात, इथनंच मागवून न्या, तिथं भाड्यानं मिळेलच याचा भरवसा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका, मास्कमध्ये पाणी शिरलं की लेन्स जाते, नाहीतर डोळ्याला इन्फेक्शन. घरी मास्क आला की पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं श्वास आत ओढा, हात सोडला तरी चिकटून राहिला तर माप बरोबर.

मालवणी_जावई (९:१८)
मिशीला व्हॅसलीन लावा, कड बसते. आमचा मेहुणा तेच करतोय.

समुद्रवेडी_कोप (९:२०)
व्हॅसलीननं सिलिकॉनची कड हळूहळू खराब होते, भाड्याचा मास्क असेल तर पुढच्या माणसाचं नुकसान. मिशी पूर्ण काढायची गरज नाही, नाकाच्या लगेच खालची अर्धा सेंटीमीटर पट्टी बारीक कातरा, तिथंच तर कड टेकते.

तालमीतला_गडी (९:२१)
मी कातरणार नाही. पण युक्ती बरोबर वाटते.

मालवणी_जावई (९:२७)
मालवण नको तर नको, पण भरती-ओहोटीचं तरी ऐका, हे आमच्याकडनं शिकण्यासारखं आहे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला बाराच्या आसपास. कॅलेंडर बघा नि वेळ काढा, मोबाईलला रेंज नसली तरी चालतंय.

निवृत्त_मास्तर (९:३३)
हे गणित कोकण किनाऱ्याचं आहे हो. चंद्र तोच, पण भरतीचं पाणी प्रत्येक किनाऱ्याला वेगवेगळ्या वेळी पोचतं. अंदमानला हे लावलंत तर तासांनी चुकाल. पोर्ट ब्लेअरच्या नावानं भरतीचं वेळापत्रक मिळतं ते बघा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, हे मात्र दोन्हीकडं सारखं. आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते.

मालवणी_जावई (९:३६)
आमच्या सासऱ्यांचं आयुष्य या गणितावर गेलंय सर, आजपर्यंत चुकलेलं नाही.

निवृत्त_मास्तर (९:३९)
त्यांचं बरोबरच आहे, मालवणासाठी. माझा विरोध त्यांना नाही.

उद्यमनगरकर (९:४२)
पण भरती बघायची कशाला? आणि पंचांग बघितलं, आम्ही हॅवलॉकला असताना पौर्णिमा येतीय.

समुद्रवेडी_कोप (९:५१)
बघायची कारण ओहोटीला कोरल पाण्याच्या अगदी वर येतं, पोट आणि गुडघे घासतात, तुमचं कातडं सोलतं आणि त्याचा जीव जातो. पौर्णिमेला उधाण, म्हणजे ओहोटी आणखी खाली आणि पाण्याला ओढ पण जास्त. भरती भरत आलेली असताना उतरा, त्या वेळी पाणी थांबल्यासारखं असतं आणि स्वच्छ पण. तुमच्या दोन सकाळपैकी ज्या दिवशी ही वेळ पहिल्या बोटीच्या जवळ येते तो दिवस एलिफंटला द्या. भरतपूरला काचेची बोट पण भरतीलाच, ओहोटीला कोरल उघडं पडतं, बोटी आत जाऊ शकत नाहीत. उलट नीललाच लक्ष्मणपूरचा तो दगडी नैसर्गिक पूल आहे, तो ओहोटीला बघायचा, खडकातल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या सगळं दिसतं. पण खडक ओबडधोबड आणि निसरडे, तिथं आईंना नेऊ नका.

मे म्हणून एक सांगते, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून अंदमानात पोचतो, त्याआधी कधी वादळाचा पट्टा तयार झाला की फेऱ्या बंद होतात. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवलीय तुम्ही, ती हलवू नका.

शिवाजीपेठेची_सून (९:५५)
लक्षद्वीप का नाही बघितलं? तिथलं लगून म्हणजे काचच. परवाना लागतो पण मिळतो.

राजारामपुरी_आठवी (९:५६)
वहिनी, तिकिटं झालीत त्यांची!

उद्यमनगरकर (१०:०४)
एक खरं सांगतो. आईचं कारण वेगळं आहे. तिच्या बोटात लग्नापासून पोवळ्याची अंगठी आहे, आजीनं दिलेली. वडील जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती कुठं आलीच नाही. यावेळी म्हणाली, पोवळं जिवंत असतंय म्हणे, ते बघायचंय मला. म्हणून अंदमान काढलं. म्हणून म्हणतोय चुकीची जागा निवडायची नाही. तिला तिथं लाल पोवळं दिसेल का?

निवृत्त_मास्तर (१०:१५)
लाल दिसणार नाही, आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही. अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढणारं. अंदमानचं पोवळं, म्हणजे हे कोरल किंवा प्रवाळ, उन्हात, उथळ पाण्यात वाढतं, तपकिरी, शेवाळी, कुठं निळसर, जांभळट. त्याचा रंग त्याच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. पाणी फार तापलं की ते शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. त्यामुळं काही भाग पांढरा किंवा मेलेला दिसेल. पण जिवंत असतं हे आईंनी म्हटलंय ते शंभर टक्के खरं. प्रत्येक फांदीवर हजारो इवलेसे प्राणी असतात.

आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा उचलून आणू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅगेत सापडलं तर गुन्हा होतो. आठवण म्हणून घ्यायचा मोह आईंनाच होईल, त्यांना सांगा.

शिवाजीपेठेची_सून (१०:१९)
तुमच्या आईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो. आमच्या सासूबाई पण असंच कुठं निघत नाहीत. उन्हाचं बघा मात्र, पूर्ण बाह्यांचे पोहायचे टी-शर्ट घ्या चौघांना, सनस्क्रीन कमी लागतं, त्यातली काही केमिकलं प्रवाळाला मारतात म्हणून हवाईत २०२१ पासून तसल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे.

उद्यमनगरकर (१०:४०)
झालं. एजंटला सांगितलं नील राहणार, नॉर्थ बे रद्द. हॅवलॉकला दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीनं मी आणि मुलगी एलिफंटला, वेळापत्रक बघितलं, भरती जुळतीय. मिसेस म्हणतीय ट्यूब धरून ओढत असतील तर मी पण येते, हे मला अपेक्षित नव्हतं. मग तेवढा वेळ आई हॉटेलात बसेल, तिला चालतंय. नंबरचा मास्क मागवला. भरतपूर भरतीच्या वेळेला, सगळे मिळून.

आई इथंच शेजारी बसलीय, विचारतीय काचेच्या बोटीत खाली वाकून बसावं लागतं का, गुडघे मुडपत नाहीत.

समुद्रवेडी_कोप (१०:४६)
नाही वाकावं लागत. दोन्ही कडेला बाक असतात, काच मध्ये पायाशी, बसल्या बसल्या खाली बघायचं. बाकाच्या मधल्या भागात बसवा, तिथं बोट कमी हलते. चढताना तेवढं गुडघाभर पाण्यातनं जाऊन दोन-तीन पायऱ्यांची शिडी आहे, तिथं तुम्ही खाली थांबा आणि मुलीला वरनं आजीचा हात धरायला सांगा.