मदत हवी आहे: डिझेलमध्ये पाणी, टाकी साफ केली तरी मिसिंग (इंजिन अडखळणं) जात नाही

कॉमन रेल इंजिनचा (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून डिझेल मिळतं असा) ट्रक आहे. पाण्याचा दिवा लागल्यावर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवलं. अर्ध्या तासात खाली दोन बोटं पाणी आणि मधल्या रेषेवर काळपट, बुळबुळीत साय. म्हणजे पाणी जुनं आहे, त्यात जंतू वाढलेत.

आतापर्यंत केलेलं: ड्रेन प्लग उघडून टाकी पूर्ण रिकामी, लाइन हवेने साफ, दोन्ही फिल्टर नवे, हातपंप कडक होईपर्यंत एअर काढली. फिल्टर कोरडेच बसवले. हाताने डिझेल ओतून भरले की कचरा थेट हाय प्रेशर पंपात जातो.

आता स्टार्टरवर रेल प्रेशर 250 बारच्या वर जातं, गाडी चालू होते. पण थंड असताना पांढरा धूर, आयडलला मिसिंग, आणि रिटर्न (इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल) मोजला तर तिसऱ्या इंजेक्टरचा बाकीच्यांच्या जवळजवळ तिप्पट.

प्रश्न असे:

एकच इंजेक्टर बदलावा की सगळे बेंचवर तपासावेत? मला दुसरं पटतं, कारण पाण्याने वंगण जातं ते सगळ्यांचंच.

मीटरिंग व्हॉल्व्ह (हाय प्रेशर पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) काढून बघितला तर गंज किंवा चुरा दिसेल का, की पंपच उघडावा लागेल?

टाकीतली साय जंतुनाशकाने मारल्यावर फिल्टर किती लवकर चोंदतात?

पाणी डिझेलमध्ये मिसळवणारं औषध सुचवू नका. ते पाणी सेपरेटरला चकवून थेट नोझलपर्यंत नेतं.