‘किस मी, स्टुपिड’ (१९६४): कोणती प्रत बघावी, आणि तेव्हा एवढा गहजब कशाचा झाला?

चंदेरी_पडदा:
दिग्दर्शक बिली वाइल्डरचे ‘सम लाइक इट हॉट’ आणि ‘द अपार्टमेंट’ बारकाईने बघून झालेत. आता ‘किस मी, स्टुपिड’ घ्यायचा आहे. त्या वेळी अमेरिकेत तो अश्लील म्हणून पार झोडपला गेला. आता मात्र काही जाणकार त्याला वाइल्डरच्या उत्तम कामांत धरतात. दोन वेगळ्या प्रती फिरतात असं वाचलं. कोणती बघायची, ती ओळखायची कशी? आणि त्यात नेमकं खटकलं काय होतं?

रीळ_क्रमांक_७:
आधी प्रतीचं सांगतो. फरक मुख्यतः एका प्रसंगाचा आहे, पण सगळा डोलारा त्याच प्रसंगावर उभा आहे. थोडं कथानक फुटेल, त्याला इलाज नाही.

नेवाडातल्या क्लायमॅक्स नावाच्या आडगावात पियानो शिकवणारा ऑर्व्हिल गाण्यांच्या चाली रचतो. पेट्रोलपंपवाला बार्नी त्यांचे शब्द लिहितो. लास वेगासहून निघालेला गायक डिनो (डीन मार्टिन) पंपावर थांबतो, तेव्हा बार्नी त्याची गाडी मुद्दाम बिघडवतो. गाणी त्याच्या गळी उतरवायची तर त्याला रात्री बाईची सोबत हवी. म्हणून ऑर्व्हिल भांडण उकरून बायकोला, झेल्डाला, घराबाहेर काढतो आणि बारमधल्या पॉलीला (किम नोव्हाक) एका रात्रीपुरती बायको म्हणून आणतो.

पुढे डिनो पॉलीच्या ट्रेलरवर (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात) पोचतो, तर आत झेल्डा असते. मूळ चित्रीकरणात ती दोघं रात्र एकत्र काढतात. अमेरिकेतल्या प्रदर्शनासाठी हा प्रसंग नव्याने चित्रित केला गेला: डिनोची पाठ दुखत असते, झेल्डा ती चोळून देते आणि तो झोपी जातो. तेव्हा खूण सोपी आहे. पाठ चोळता चोळता डिनो घोरायला लागला, तर ती मवाळ प्रत. ती बघू नका. शेवटी डिनो टीव्हीवर ऑर्व्हिलचं गाणं गातो, त्याचं मूळ त्या रात्रीत आहे. रात्रच काढून घेतली की शेवटचं वाक्य, जे चित्रपटाचं नावही आहे, लंगडं पडतं.

दुसरं म्हणजे चौकट. चित्रपट कृष्णधवल, पॅनाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीत, २.३५:१ (रुंदी:उंची) प्रमाणात आहे. हल्लीच्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. पडदा पूर्ण भरला असेल तर कडा कापल्या आहेत. मग एकाच चौकटीत तिघं बसवून केलेली गंमत जाते: एक बोलतो, दुसरा खोटं सावरतो, तिसरा ऐकतो.

शेवटची_रांग:
गहजबाबद्दल. गंमत अशी की हॉलिवूडच्या स्वतःच्या आचारसंहिता कार्यालयाने चित्रपट संमत केला होता. अडवला तो चित्रपटांची नैतिक वर्गवारी करणाऱ्या लीजन ऑफ डीसन्सी या कॅथलिक संघटनेने. त्यांनी त्याला ‘निषिद्ध’ वर्ग दिला. मोठ्या अमेरिकी चित्रपटावर ही वेळ १९५६ च्या ‘बेबी डॉल’नंतर पहिल्यांदाच आली होती. युनायटेड आर्टिस्ट्सने मग त्यावर स्वतःचं नाव ठेवलं नाही आणि परदेशी चित्रपट लावणाऱ्या लोपर्ट या आपल्या उपकंपनीमार्फत तो प्रदर्शित केला.

द्वयर्थी संवाद भरपूर आहेत, हे खरं. पण संवाद हे काही खरं कारण वाटत नाही. ‘द अपार्टमेंट’मध्येही व्यभिचार आहे आणि त्याला ऑस्कर मिळालं. फरक असा की तिथे नायिका फ्रॅन झोपेच्या गोळ्या घेते, मरता मरता वाचते. पापाची किंमत चुकती होते. इथे नवरा एकीबरोबर आणि बायको दुसऱ्याबरोबर रात्र काढते, कुणालाच शिक्षा होत नाही, उलट संसार सावरतो. त्या काळाला हे पचणं शक्यच नव्हतं. माझ्या मते चित्रपटाचं खरं धाडस इथेच आहे.

चंदेरी_पडदा:
आभार. मग तो निर्दोष मानायचा का?

रीळ_क्रमांक_७:
नाही. ऑर्व्हिलची भूमिका पीटर सेलर्सची होती. चित्रीकरण सुरू असताना, एप्रिल १९६४ मध्ये, त्याला हृदयविकाराचे झटके आले. त्याच्या जागी रे वॉल्स्टन आला आणि सेलर्सची दृश्यं पुन्हा घ्यावी लागली. वॉल्स्टन मेहनती आहे, पण ऑर्व्हिलचा संशयीपणा तो सतत वरच्या पट्टीत लावतो. पहिला पाऊण तास त्यामुळे कर्कश वाटतो. तेवढा निभावून न्या.

गाण्यांकडे मात्र कान द्या. संगीतकार जॉर्ज गर्शविनच्या अप्रकाशित चालींवर त्याचा गीतकार भाऊ आयरा गर्शविनने नवे शब्द बसवले. गावठी जोडगोळीची म्हणून शोभतील इतकी ती वेडीवाकडी हवी होती. ‘सोफिया’ची चाल तरीही मनात घर करते, आणि डिनो ती उचलतो हे पटतं.

शेवटची_रांग:
आणि पॉलीवर नजर ठेवा. तिला सर्दी झालेली आहे, आवाज बसलेला आहे, आणि परक्या घरात ती हळूहळू खरोखरच गृहिणी होत जाते. ऑर्व्हिल तिच्यासाठी डिनोला घराबाहेर काढतो, तिथून पुढे नोव्हाकचा चेहरा बघा. तिची गोष्ट एका वाक्यात येऊन जाते: ज्याच्याबरोबर ती आली तो गाडी घेऊन पळाला, मागे राहिला नुसता ट्रेलर. ओढायला गाडीच नाही, म्हणून ती त्या गावात अडकली आहे. डिनोने ठेवलेले ५०० डॉलर झेल्डा तिलाच देते. त्यातून गाडी येते आणि ट्रेलर पहिल्यांदा जागचा हलतो.